गाडीचा सर्व्हे झाला, माणसांचा राहिला

मुलुंडच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी कळवलंय. पत्र मोठं आहे, त्यातला महत्त्वाचा भाग असा :

‘मी ४३ वर्षांची, बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) नोकरी करते. १८ दिवसांपूर्वी दादरला भाचीचं लग्न उरकून आम्ही रात्री घरी येत होतो. हे गाडी चालवत होते, मुलगा त्यांच्या शेजारी, मी आणि सासूबाई मागे. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला विक्रोळीच्या आसपास ट्रॅफिक थांबली म्हणून आम्ही थांबलो आणि मागून टेम्पोने ठोकलं. आमची गाडी पुढच्या टॅक्सीवर आदळली. रक्त कुणालाच आलं नाही. सासूबाईंचं कपाळ पुढच्या सीटला लागून टेंगूळ आलं, ते दोन दिवसांत उतरलं. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. टेम्पोवाल्याने ८ हजार दिले, पोलिसांत गेलो नाही. इन्शुरन्सचा सर्व्हेअर येऊन गाडी बघून गेला.

माझी मान तिसऱ्या दिवसापासून धरली आहे. एक्सरे नॉर्मल आला. केमिस्टकडून मानेचा पट्टा आणलाय, तो लावून फिरते, दुखण्याची गोळी घेते. डोकं मागच्या बाजूने ठणकतं. झोप नीट लागत नाही. मागून हॉर्न वाजला की छातीत धस्स होतं. गाडी गॅरेजमधून परत येईल त्या दिवसाची भीती वाटते. घरी आणि ऑफिसात सगळे विचारतात, लागलं तर काहीच नाही, मग एवढं काय? सासूबाई ७४ वर्षांच्या, त्यांची तर अँजिओप्लास्टी झालेली, पण त्यांची काही तक्रार नाही. हल्ली दुपारभर टीव्हीसमोर पेंगतात एवढंच. आणि उजव्या पायातली चप्पल सारखी निसटते, नवी आणून दिली तरी तेच. मी त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान असून रडत बसले आहे. माझंच काही चुकतंय का?’

ताई,

तुमच्या प्रश्नाकडे येते. पण आधी चपलेबद्दल.

त्या ओळीपाशी मी थांबले आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कपाळाला मार, वय ७४, अँजिओप्लास्टीनंतरच्या गोळ्या, दिवसा पेंगणं, आणि एकाच पायातून निसटणारी चप्पल. त्याच संध्याकाळी तुम्हाला कळवलं की आईंना आजच्या आज कॅज्युअल्टीत न्या, उद्यावर टाकू नका, गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. परवा तुमचा दोन ओळींचा निरोप आला : सीटी स्कॅनमध्ये डोक्यात डाव्या बाजूला रक्त साचलेलं दिसलं, ऑपरेशन ठरलं आहे. आणि त्याखाली, ‘मला कळायला हवं होतं.’

नाही हो. हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. तुम्ही ते पाहिलंत आणि लिहिलंत, म्हणून तर पुढचं झालं. बाकीच्या वाचकांसाठी हे सविस्तर सांगते, कारण घरोघरी म्हातारी माणसं आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे.

वय वाढतं तसा मेंदू थोडा आकसतो. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये जागा होते आणि तिथल्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. साधा धक्काही अशी एखादी शीर फाटायला पुरतो. रक्त भळाभळा वाहत नाही, पाझरतं. बाहेरचं टेंगूळ उतरून जातं, आत मात्र साचत राहतं, आणि दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, मेंदूवर दाब यायला लागतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी असेल तर धोका आणखी वाढतो. डाव्या बाजूला दाब आला की शरीराची उजवी बाजू कमजोर पडते. पाय पूर्ण लुळा पडत नाही, फक्त बोटं चपलेला धरून ठेवत नाहीत.

म्हातारं माणूस ‘माझ्या डोक्यात काहीतरी होतंय’ असं म्हणत नाही. ते दोन घास कमी खातं, बोलताना शब्दाला अडतं, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतं, भिंतीला हात लावत चालतं. आणि आपण म्हणतो, वय झालं. वय एका रात्रीत होत नसतं. अपघातानंतर महिना-दीड महिन्यात असा बदल दिसला तर डॉक्टरांना अपघाताची तारीख आठवणीने सांगा, नाहीतर त्यांच्याही ते ध्यानात येणार नाही. घरी बघायचं तर दोन्ही हात समोर, तळवे वर, आरतीचं ताट धरल्यासारखे करायला सांगा आणि डोळे मिटायला सांगा. एक हात हळूहळू खाली यायला लागला तर समजा. पण हात बरोबर राहिले म्हणून घरी थांबू नका, शंका आली की जायचंच.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवूनही नीट जागं न होणं, फिट येणं, जड झालेली जीभ, एका बाजूची कमजोरी, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी, नाकाकानातून पाण्यासारखं काही येणं, यातलं एकही दिसलं तर वय कितीही असो, १०८ ला फोन करा. सायन आणि केईएम या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत न्यूरोसर्जरी विभाग आहे. आणखी एक : भीतीपोटी रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (अँजिओप्लास्टीत बसवतात ती जाळीची नळी) असेल तर ती अचानक तोडणं जिवावर बेतू शकतं. थांबवायची की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आता तुम्ही.

आपल्या भाषेत तुमच्या दुखण्याला फार नेमका शब्द आहे : मुका मार. रक्त नाही, टाका नाही, प्लास्टर नाही, त्यामुळे दाखवायला काही नाही. मी सव्वीस वर्षं फिजिओथेरपीच्या ओपीडीत काढली, आणि गाडीच्या धडकेनंतर येणाऱ्या माणसांपैकी सगळ्यात ओशाळलेले चेहरे मुका मार लागलेल्यांचे असायचे. ‘तसं काही नाही मॅडम, उगाच आलो,’ असं म्हणत बसायचे आणि मान मात्र वळत नसायची.

काय झालं ते समजून घ्या, म्हणजे मनातली टोचणी जाईल. मागून टेम्पो आदळला तेव्हा सीटने तुमच्या पाठीला पुढे ढकललं. डोकं मात्र साडेचार-पाच किलोंचं वजन घेऊन जागच्या जागी राहिलं, म्हणजे मान मागे गेली. लगेच ती पुढे फेकली गेली, आणि पुढच्या टॅक्सीवर आदळल्यावर पुन्हा एकदा. एकेका धक्क्याचा सगळा खेळ अर्ध्या सेकंदाच्या आतला, स्नायूंना सावरायला वेळच मिळाला नाही. ते आणि हाडांना बांधून ठेवणारे सांधेबंध ताणले गेले. हे एक्सरेत दिसत नाही, एक्सरे हाडं दाखवतो. रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ हाड मोडलेलं दिसत नाही, एवढाच. दुखत नाही, असं तो म्हणत नाही.

तिसऱ्या दिवशी दुखायला लागलं यातही नवल नाही. धडकेच्या वेळी शरीर इतकं सावध झालेलं असतं की दुखणं कळतच नाही. सूज आणि ताठरपणा पुढच्या एक-दोन दिवसांत चढतो. म्हणून हायवेवर उभं राहून ‘मला काही झालं नाही’ असं कुणालाही लेखी देऊ नये.

पट्ट्याबद्दल मला जरा कळकळीने सांगायचं आहे. एक टॅक्सीचालक माझ्याकडे यायचे. धडकेनंतर तीन महिने त्यांनी मानेचा पट्टा काढलाच नव्हता. कुणी काढायला सांगितलंच नव्हतं. दारातून आत येताना मला बघण्यासाठी ते पावलांसकट वळायचे. गाडी रिव्हर्स घेताना मुलाला शेजारी बसवून ‘मागे बघ’ म्हणायचे. पट्टा काढला तेव्हा मान डावीकडे जेमतेम वीतभरही वळेना. मूळ दुखापत केव्हाच भरली होती, आता त्रास पट्ट्याचा होता. स्नायू वापरले नाहीत तर आळसतात आणि आखडतात. १९९५ साली कॅनडातल्या क्विबेक प्रांतातल्या तज्ज्ञांच्या गटाने मानेच्या या दुखापतीचा अभ्यास करून पट्ट्याचा वापर कमीत कमी ठेवा आणि माणसाला लवकर हलतं करा, असंच सांगितलं. आजही उपचार त्याच वाटेने होतात.

त्याआधी एक अट. हातात मुंग्या, बधिरपणा किंवा पकड सैल पडणं, मानेच्या मधोमध हाडावर दाबल्यावर कळ, चालताना तोल जाणं यातलं काही असेल तर व्यायाम नको, आधी हाडांचे डॉक्टर. गरज पडली तर ते एमआरआय करून घेतील. काहीच नसेल तर त्यांना विचारून पट्टा उतरवा आणि सुरुवात करा. पाठ टेकून बसा. हनुवटी न वाकवता सरळ मागे घ्या, जणू कुणी समोरून हनुवटीवर बोट ठेवून ढकलतंय. तीन आकडे मोजा, सोडा. मग मान हळूच एका खांद्याकडे वळवा, जिथे ओढ लागते तिथे थांबा, कळ येईपर्यंत नेऊ नका. दुसरीकडे तसंच. मग खांदे वर, मागे, खाली. प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. दहा मिनिटांत होतं. पहिले तीन दिवस थोडं जास्त दुखल्यासारखं वाटेल, ते चालेल. कळ हातात उतरली तर मात्र थांबा. बहुतेकांना काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत आराम पडतो. पंधरा दिवसांत काहीच फरक वाटला नाही तर प्रत्यक्ष फिजिओथेरपिस्टला दाखवा. खाजगी परवडत नसेल तर पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत हा विभाग असतो, आणि हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची, तिथेही उपचार होतात.

दुखण्याची गोळी तुम्ही दोन आठवड्यांहून जास्त घेताय. ती कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण सूज उतरवणाऱ्या गोळ्या इतके दिवस डॉक्टरांशिवाय घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड दोन्हींना त्रास होतो. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि ‘आई, तुम्हीही एक घ्या’ असं कधी करू नका. रक्त पातळ असलेल्या माणसाला ती गोळी धोक्याची.

आंबेहळदीचा लेप लावलात तर माझी हरकत नाही, कातडी फुटलेली नसली की झालं. पहिल्या दोन दिवसांत गरम तेलाने रगडणं टाळायचं असतं, आता ते दिवस गेले, हलका शेक चालेल. पण सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान कडकन मोडून देतात ना, ते तुमच्या यजमानांना सक्त मना करा. मान त्यांचीही हललेली आहे. त्या झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून चिरली जाऊ शकते. हाडवैद्याकडे मान ‘बसवून’ घेणंही तसंच. यजमानांच्या पोटावर सीटबेल्टचा काळानिळा पट्टा उमटला होता का, तेही विचारा. छातीवरचा बहुधा वरवरचा असतो, पण पोटावर उमटला असेल आणि पोट दुखत असेल तर आतल्या अवयवांची तपासणी हवी. डाव्या बरगडीखालचं दुखणं खांद्यापर्यंत येत असेल तर लगेच.

रोजच्या धावपळीबद्दल. मुलुंडहून लोकलमध्ये उभं राहून, एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग, असं तुम्ही जात असाल तर व्यायामाचा अर्धा फायदा कुर्ल्यापर्यंतच संपतो. महिनाभर बॅग पाठीवर दोन्ही पट्ट्यांनी घ्या किंवा लॅपटॉप ऑफिसातच ठेवा. हात वर लोंबकळत ठेवण्यापेक्षा सीटच्या कडेचा दांडा धरा. एखादी हळू गाडी पकडा, बसायला मिळण्याची शक्यता तरी वाढते. कुर्ल्याहून बीकेसीला शेअर रिक्षा खड्ड्यांतून जाते, तिच्यापेक्षा बस बरी. ऑफिसला स्पष्ट लिहून द्या की डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातले दोन दिवस घरून काम हवंय. ‘बरं वाटत नाही’ असं मोघम लिहू नका, ‘रस्ता अपघातात मानेला दुखापत’ असं लिहा. त्या शब्दांची लाज वाटण्याचं कारण नाही.

आणि आता तर तुम्ही हॉस्पिटलच्या बाकावर रात्री काढत असणार. दुपट्ट्याची किंवा टॉवेलची गुंडाळी करून मानेच्या मागे ठेवा, बसल्या बसल्या डोकं एका बाजूला कलंडू देऊ नका. एक रात्र तुम्ही, एक रात्र यजमान, अशी पाळी लावा. सून आहे म्हणून सगळ्या रात्री तुमच्याच, असं नको. लेकानेही आईजवळ बसावं.

हॉर्नने धस्स होणं, झोप न लागणं, तो क्षण पुन्हा पुन्हा दिसणं, हे तुमच्या मनाचं कच्चेपण नाही. मागून येणाऱ्या आवाजातून खरोखरच संकट आलं होतं, मेंदूने ते लक्षात ठेवलंय आणि तो तुम्हाला सावध करतोय. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. महिना उलटूनही कमी झालं नाही, किंवा त्यापायी प्रवास, काम, माणसं टाळावीशी वाटली, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. अशा आघातावर बोलण्याच्या उपचारपद्धती आहेत आणि त्यांचा चांगला उपयोग होतो. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. तोवर कुणाची झोपेची गोळी मागून घेऊ नका.

भेटायला येणारा प्रत्येक जण ‘नक्की झालं कसं?’ विचारतो आणि तुम्हाला तो टेम्पो पुन्हा बघावा लागतो. त्याची गरज नाही. यजमानांना एकदा सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून नातेवाइकांना पाठवू द्या. तुम्हाला जेव्हा आणि ज्याच्याशी बोलावंसं वाटेल त्याच्याशीच बोला. गाडीत बसणंही असंच पायरीपायरीने. पहिल्या दिवशी सोसायटीत उभ्या गाडीत पाच मिनिटं बसा, दार उघडं ठेवून. मग इंजिन सुरू करून. मग रविवारी सकाळी मुलुंडातल्याच दोन गल्ल्या. हायवे सगळ्यात शेवटी. कुणी ‘बस गं, काही होत नाही’ म्हणून घाई केली तर ऐकू नका.

कागदांचं थोडक्यात. टेम्पोवाल्याचे ८ हजार घेऊन तुम्ही गाडीचा हिशेब मिटवलात, माणसांचा नाही. आईंच्या ऑपरेशनची भरपाई टेम्पोच्या विम्यातून मागण्याचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो. कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिन्यांची. पोलिसांत अजून नोंद नाही, तेव्हा याच आठवड्यात वकिलांना भेटा. केसपेपर, स्कॅन, बिलं, गोळ्यांच्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवा. एक वही करा : तारीख, दुखणं दहापैकी किती, आज काय करता आलं नाही. डॉक्टरांनाही तिचा उपयोग, वकिलांनाही. इतर वाचकांनी लक्षात ठेवावं की मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ता अपघातातल्या जखमींना ठरवून दिलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. ‘आमच्याकडे आता पैसे नाहीत’ म्हणून तपासणी पुढे ढकलू नका.

गाडी गॅरेजमध्येच आहे तर दोन कामं करून घ्या. चारही सीटच्या हेडरेस्ट तपासून घ्या आणि डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत वर ओढून ठेवा. बऱ्याच गाड्यांत त्या खाली दाबलेल्या असतात, मग मान त्यांच्यावरून मागे जाते. दुसरं, मागचे सीटबेल्ट. आईंचं कपाळ सीटला लागलं याचा अर्थ त्यांना पट्टा नव्हता, आणि बहुधा तुम्हालाही नव्हता. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मागे बसणाऱ्यांनाही तो सक्तीचा केला आहे, तरी आपल्या गाड्यांत तो सीट कव्हरच्या खाली दडपलेला असतो. कव्हर काढून पट्टे बाहेर घ्या, धडकेत ताणले गेले असतील तर बदलून घ्या. आई डिस्चार्ज होऊन घरी येतील त्या याच सीटवर बसून.